घरच्या माणसाची चौकट

समीक्षा गावंडेचा खेळ अडखळतो आहे, हे पुसदमध्ये सगळ्यात आधी तिच्या नवऱ्याला कळलं. तो का अडखळतो, हे मात्र त्यालाच सगळ्यात शेवटी पटलं. मधल्या काळात चेतनने संशय घेतला नाही अशी वस्तू घरात उरली नव्हती. वायर, पंखा, इन्व्हर्टर, शेजारच्यांचं वॉशिंग मशीन, आईचा मिक्सर, सगळ्यांची चौकशी झाली आणि सगळे निर्दोष सुटले.

तक्रार साधी होती. मागच्या खोलीत समीक्षापुढे दोन मॉनिटर होते. समोरच्यावर खेळ, उजवीकडच्यावर पाहणारे लोक. दुसरा बंद असला की खेळ पाण्यासारखा वाहायचा. दुसरा चालू करून लोकांना थेट दाखवायला लागलं की थोड्या वेळाने चित्र एखादा क्षण थबकायचं आणि उडी मारून पुढे जायचं. तेवढ्या क्षणात पाटीवरचा गडी तिला शिवून गेलेला असायचा.

गडी, पाटी, शिवणं, म्हणजे खेळ आट्यापाट्याच. मैदानावर एकामागे एक आडव्या पाट्या आखायच्या, प्रत्येक पाटीवर एक गडी. त्याने आपली पाटी सोडायची नाही, आणि समोरच्याने त्याला हूल देऊन अंगाला हात न लागू देता पलीकडे निघायचं. बघायचं डावीकडे, जायचं उजवीकडे. विदर्भातली मैदानं प्लॉटिंगमध्ये गेली तेव्हा हा खेळ संपला असं जुने खेळाडू सांगत फिरत होते, आणि तो पडद्यावर परत आला तेव्हा हा तो खेळ नाही असंही तेच सांगत होते. पण मजा तीच राहिली होती. मॉनिटरवरचा कॅमेरा खेळणाऱ्याचे डोळे टिपून पडद्यावरच्या बाहुलीला लावायचा. समोरच्या गड्याला तुमची नजर दिसायची, आणि त्या नजरेने त्याला फसवायचं असायचं. समीक्षा फसवण्यात पटाईत होती. घरात सासूसमोर ‘अहो’ आणि खोलीत ‘चेत्या’, हा बदल ती एका पावलात करायची, त्यावरून अंदाज यावा.

चेतनचा धंदा सीसीटीव्ही बसवायचा. अर्ध्या पुसदच्या दुकानांतल्या गल्ल्यावर त्याच्या कॅमेऱ्याची नजर होती. कॉलेजात असताना तोही मैदानावर आट्यापाट्या खेळला होता आणि जिल्ह्याच्या संघात त्याचं नाव दरवर्षी ‘येता येता’ राहिलं होतं. मैदानावर जे मिळालं नाही ते त्याने लग्नानंतर बायकोच्या नावे जमा केलं होतं, आणि आपण त्यावर व्याज मागत नाही असं तो सगळ्यांना सांगायचा. जिथे हे सांगावं लागतं तिथे व्याज चालू असतं. पण माणूस मनाचा चांगला. तिच्यासाठी खुर्ची आणली, खोली रंगवली, सामन्याच्या दिवशी दुकानाला कुलूप लावून ‘घरचा माणूस’ म्हणून बसायला लागला.

हा घरचा माणूस पडद्यावरच्या आट्यापाट्यांच्या लीगच्या नियमातला होता. मागे काही खेळाडूंना आडून कोणीतरी इशारे करायचं, तेव्हापासून नियम झाला होता: प्रत्येक खेळाडूला मदतीला एकच माणूस, तो दुसऱ्या खोलीत, आणि त्याचा चेहरा दुसऱ्या मॉनिटरवरच्या एका चौकटीत, खेळाडूला आणि सगळ्या जगाला दिसेल असा. चेतन सामन्याआधी त्या चौकटीत केस विंचरून बसायचा.

तिच्या यवतमाळ संघाच्या डहाके सरांचा फोन आला तेव्हा मात्र केस विंचरण्याची वेळ गेली.

“गावंडे ताई, तुमची हूल पाहून मी तुम्हाला घेतलं,” सर म्हणाले. “पण चित्र अडकते अन् तुम्ही बाद होता. दोष मशीनचा आहे हे मला समजते. स्कोअरबोर्डाला नाही समजत. रविवारी वर्ध्याशी सामना आहे. तोवर नीट झालं तर ठीक, नाहीतर दुसऱ्या पोरीला बोलवावं लागेल.”

“होते नीट, सर,” समीक्षाच्या आधी चेतनच बोलला. फोन स्पीकरवर होता.

त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. दोन मॉनिटरची चाल वेगळी होती. समोरचा नवा मॉनिटर एका सेकंदात जितकी चित्रं दाखवायचा त्याच्या पावपट जुना दाखवायचा, आणि एकाच जुवाला दोन चालींचे बैल जुंपले की गाडी हिसके देणारच. त्याने दोघांची चाल सारखी केली. हिसके राहिले. मग पाहणाऱ्यांच्या गप्पांचा रकाना आतून मशीनमधल्या चित्र काढणाऱ्या चिपवर भार टाकतो म्हणून तो हलका केला. हिसके राहिले. मग टॉर्च मारून कॅमेरे तपासले आणि दुसऱ्या मॉनिटरच्या कॅमेऱ्यावर काळा ठिपका सापडला.

“आई, हे काय आहे?”

“काजळ हाय,” ज्योत्स्नाबाई शांतपणे म्हणाल्या. “तिले पाहाले येवढे लोक बसते. एखाद्याची नजर लागन की नाही लागन?”

“अगं, तो कॅमेरा आहे. नजर ओळखायचा कॅमेरा.”

“मंग त्याच्यावरच लावाले पाह्यजे ना. अजून कुठं लावू?”

चेतनने काजळ पुसलं. त्या संध्याकाळी खेळ खरंच सुरळीत चालला आणि त्याने मित्रांना आईचा किस्सा रंगवून सांगितला. दुसऱ्या दिवशी सरावाच्या सामन्यात समीक्षा पुन्हा तशीच बाद झाली. ज्योत्स्नाबाईंनी ‘पुसलं म्हनून झालं’ एवढंच म्हटलं आणि भाकरी थापायला घेतली.

आता राहिली ती चिप.

ही चिप त्या वर्षी नवी आली होती. माणूस पडद्यावर जिथे बघतो तेवढाच तुकडा त्याला स्वच्छ दिसतो, बाकीचं सगळं मेंदू अंदाजपंचे भरून घेतो. चिपने हेच हेरलं होतं. ती नजरेपुरता तुकडा कोरून काढायची, बाकीचं चित्र ढोबळ ठेवायची, आणि त्यामुळे घरच्या साध्या मशीनवर सिनेमासारखा खेळ चालायचा. पण नजर पोचल्यावर कोरायला घेतलं तर उशीर होतो. म्हणून ती नजर पोचायच्या आधीच कोरायची. डोळा हलण्यापूर्वी मेंदूचा हुकूम सुटतो, पापणीचा काठ ताणतो, बुबुळ इतकं बारीक थरथरतं की आरशातही दिसू नये. कॅमेऱ्याला ते दिसायचं. तुम्ही आता कुठे बघणार आहात हे तुमच्याआधी चिपला कळायचं, आणि तुमची नजर तिथे उतरेपर्यंत तिथलं चित्र तयार असायचं.

चेतनने चिपची तपासणीची सोय चालू केली. आता तिचा अंदाज जिथे पडेल तिथे मॉनिटरवर ठिपका उमटणार होता: नजर खरोखर तिथे गेली तर हिरवा, न गेली तर लाल. समीक्षा खेळत राहिली आणि तो, चौकटीत आपला चेहरा दिसत राहावा म्हणून फोनचा कॅमेरा तोंडासमोर धरून, मागे उभा राहून बघत राहिला. समोरच्या मॉनिटरवर हिरव्या ठिपक्यांची रांगोळी. आणि मधेच दुसऱ्या मॉनिटरच्या खालच्या कोपऱ्यात एक लाल. लाल उमटला, चित्र थबकलं. पुन्हा लाल, पुन्हा थबकलं.

हे त्याला उलगडायला वेळ लागला. तिची नजर दुसऱ्या मॉनिटरवर गेली असती तर काहीच बिघडलं नसतं. माणूस बघतो आणि परत येतो, चिप परतीचीही तयारी ठेवते. पण तिचा डोळा निघायचा आणि निघता निघता ती त्याला धरून ठेवायची. चिपने सगळी ताकद तिकडे पाठवलेली असायची, डोळा मात्र इथेच, आणि इथल्या चित्राला कोणी वाली नसायचा. चिप बनवणाऱ्यांनी असं धरलं होतं की ज्याला बघायचं असतं तो बघतो. बघावंसं वाटणं आणि न बघणं हे माणसाच्या हातून इतक्या वेळा होत असेल, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. ते कधी सासरी राहिले नसावेत.

त्या कोपऱ्यात काय होतं? चेतनने खुर्ची ओढून पाहिलं. वर लोकांच्या गप्पांचा रकाना, खाली त्याची स्वतःची चौकट, आणि दोन्हींच्या मधे ‘परतवाड्याचा पाहुणा’ नावाने रोज येणाऱ्या एकाचं चित्र. हा पाहुणा प्रत्येक हुलीला ‘वा, समीक्षाजी’ लिहायचा. चेतनने त्याचं सगळं लिखाण मागे जाऊन वाचून काढलं. ‘आज थकल्यासारख्या दिसता’ असंही एकदा लिहिलेलं होतं.

जेवताना त्याने विषय काढला. “परतवाड्याला कोण आहे तुझं?”

“माझं? मावससासू आहे तुझी. काहून?”

“सहज.”

सहज म्हणून त्याने पाहुण्याला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी लाल ठिपके तिथेच. तिकडे पाहुण्याने संघाला पत्र लिहून विचारलं की चौऱ्याहत्तर वर्षांच्या निवृत्त क्रीडाशिक्षकाचा असा काय गुन्हा झाला. चेतनला माफी मागून त्यांना परत घ्यावं लागलं.

आणि मग, या पाहुण्याच्या चित्रावर नीट लक्ष ठेवता यावं म्हणून, त्याने आपली चौकट खालच्या कोपऱ्यातून उचलून वरच्या डाव्या कोपऱ्यात नेली.

सराव सुरू झाला. पहिल्या पाटीला ठिपके हिरवे. दुसऱ्या पाटीवर समीक्षा अडकली, गडी सरकत जवळ आला, आणि लाल ठिपका उमटला. वर, डाव्या कोपऱ्यात.

चेतनने चौकट उजवीकडे नेली. ठिपका उजवीकडे आला. चौकट मधोमध आणली, ठिपका मधोमध. त्याने चौकट बंदच करून टाकली आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसला. परत येऊन पाहिलं तर ठिपके मॉनिटरच्या अगदी उजव्या कडेला दाटीने जमले होते. त्या कडेच्या पलीकडे भिंत होती, आणि भिंतीच्या पलीकडे त्याची खुर्ची.

“काय झालं?” समीक्षाने विचारलं. “सापडलं का?”

“सापडलं,” तो म्हणाला. “वायर नाही. मीच आहे.”

त्याने तिला लाल ठिपके दाखवले, त्यांचा अर्थ सांगितला. ती खुर्चीला टेकून बसली. चोरी पकडली गेल्यासारखी नाही. कोणीतरी आपली पिशवी उचलून घेतल्यावर हाताला बरं वाटावं तशी.

“माझ्याकडे पाहावंसं वाटते ना तुला?” चेतनने विचारलं. आवाजात थोडी आशा होती, ती लपली नाही.

“वाटते.”

“मग पाहत काहून नाही?”

“तुझं तोंड पाहिलं आहे का तू? मी बाद होते तेव्हाचं?”

“मी तं काहीच बोलत नाही. बाद झाली तरी ‘चांगली खेळली’ म्हणतो. लोक कसे शिव्या देतात बायकोले, अन् मी…”

“म्हणतोस. पण तोंड पहिले बोलते, तू मागून. कोणाच्या तेरवीला आल्यासारखा बसलेला असतो. मले समोरचा गडी दिसत नाही मग, तुझा तो चेहरा येऊन राहिला असं दिसते. अडकले की वाटते पाहावं, हा कसा बसला आहे आता. मग वाटते, नको बाई. पाहिलं की संपलं.”

“इतकं?”

“मशीन सांगते ना इतकं. मी तं कमीच सांगतलं.”

चेतन दुकानात गेला. तिथे त्याने जुन्या सामन्याचं चित्रण लावलं आणि काउंटरवरच्या कॅमेऱ्यात स्वतःला टिपून घेतलं. मग सामना बंद केला आणि फक्त स्वतःला पाहिलं. बायको बाद झाली त्या क्षणी पडद्यावरच्या माणसाचे ओठ आत गेले, डोळे मिटले, एक हात कपाळाकडे निघाला आणि मधूनच मानेवर गेला, जणू तो तिकडेच निघाला होता. आणि मग तो माणूस हसला. ते हसू आधीच्या सगळ्यापेक्षा वाईट होतं. दुकानदारांना चोर ओळखायला शिकवणारा चेतन गावंडे बराच वेळ त्या चेहऱ्याकडे पाहत बसला. हा माणूस आपल्या घरात बसत असता तर आपणही त्याच्याकडे बघितलं नसतं, एवढं त्याला कळलं.

कळलं की लगेच उपाय करायचा ही धंद्याची सवय. त्याने चेहऱ्याचा सराव सुरू केला. ती बाद होते आहे असं समजून स्थिर बसायचं, हलकं स्मित, कपाळ सैल. शुक्रवारी तो तयारीने चौकटीत बसला. ठिपके दुप्पट झाले.

“असा काहून बसला आहे?” पलीकडून समीक्षा ओरडली. “आधी निदान समजत तरी होतं काय चाललं आहे ते. आता आतमध्ये काय आहे ते शोधत बसते मी.”

“मग आईला बसवू चौकटीत?”

आईला बसवलं. ज्योत्स्नाबाईंनी डोळे मिटून जप सुरू केला, आणि लाल ठिपके भिंतीकडच्या कडेला गेले.

रविवार उजाडला. समीक्षाने सरांना आधीच कळवून ठेवलं होतं की मशीन नीट झालेलं नाही. दुसरी मुलगी यवतमाळला तयार होती. चेतन शेजारच्या खोलीत खुर्चीवर आपला चेहरा घेऊन बसला होता. तो कुठे ठेवावा हे त्याला समजत नव्हतं. ज्योत्स्नाबाई दारातून जाता जाता थांबल्या, आणि संध्याकाळी त्यांची नणंद येणार म्हणून आणलेली आंबाडीची मोठी जुडी त्यांनी त्याच्या मांडीवर टाकली.

“नुसता बसून काय राह्यतं? निवड. देठ वेगये कर, पानं परातीत टाक. अन् माती पाह्य, मागच्या खेपी दाताखाली आली व्हती.”

आंबाडी निवडणं वरून सोपं दिसतं. पानं कोवळी आणि जून अशी एकत्र असतात, देठाची साल चिवट, मधेच गवताची काडी. चेतन खाली मान घालून कामाला लागला. चौकटीत त्याचं डोकं, खांदे आणि हलणारे हात एवढंच दिसत होतं.

पलीकडे सामन्याआधीचा सराव चालू होता. थोड्या वेळाने तिकडून आवाज आला, “चेत्या.” सासू घरात असताना. यावरून तिचं लक्ष किती खेळात होतं ते कळावं.

“काय?”

“काय करून राहिला?”

“आंबाडी. आईनं दिली. ठेवू का बाजूला?”

“नको. मी आता तीनदा पाहिलं तुझ्याकडे. सगळे हिरवे आले. तू पाहत होता का माझा खेळ?”

“नाही. अळी आहे यात.”

दोघांनाही एकाच वेळी समजलं होतं, आणि बोलायला आधी कोणी तयार नव्हतं.

“चेत्या,” शेवटी तीच म्हणाली, “आज नको पाहू. पूर्ण सामना.”

त्याने सगळ्या पुसदला सांगून ठेवलं होतं. बसस्टँडजवळच्या चहावाल्याने टीव्ही लावला होता. मित्रांचे फोन सकाळपासून येत होते. ज्या दिवसासाठी त्याने खोली रंगवली तो दिवस भिंतीपलीकडे होता, आणि पुसदमधल्या सगळ्यांनी तो बघायचा होता, त्याच्याशिवाय.

“ठीक आहे,” तो म्हणाला. त्याने समोरचा पडदा काळा केला, आपला चेहरा टिपणारा कॅमेरा तेवढा चालू ठेवला, फोन उशीखाली सरकवला.

सामना सुरू झाला. त्याला फक्त आवाज येत होते: तिच्या हातातल्या कंट्रोलरची टकटक, खुर्चीचं चाक, मधेच तिचा रोखलेला श्वास. टकटक जोरात आली की त्याची मान वर यायला निघायची. त्याच्यासमोरचा कॅमेरा साधा होता, त्याच्यात ती चिप नव्हती, म्हणून त्याच्या डोळ्यांनी किती वेळा उठायची तयारी केली आणि किती वेळा तो त्यांना पुन्हा परातीत घेऊन आला हे कोणाला कळणार नव्हतं. बाहेरच्या खोलीत ज्योत्स्नाबाई एकदा ‘अरे देवा’ म्हणाल्या. उशीखाली फोन थरथरत राहिला. त्याने एक जून पान कोवळ्यात टाकलं, मग काढलं, मग पुन्हा टाकलं.

यवतमाळात डहाके सरांनी नंतर सांगितलं की असा खेळ त्यांनी त्या मोसमात पाहिला नव्हता. ती पाटीवर अडकायची, खुशाल दुसऱ्या मॉनिटरकडे बघायची, तिथे एक माणूस भाजी निवडतो आहे हे पाहायची आणि परत यायची. वर्ध्याच्या गड्यांना आधी वाटायचं ही नवीन हूल आहे. मग तिचं खेळात लक्षच नाही असं समजून ते ढिले पडायचे, आणि तेवढ्यात ती पाटी ओलांडून गेलेली असायची. चित्र एकदाही थबकलं नाही.

खुर्चीचं चाक सरकलं. तिची पावलं आली, दारात थांबली. चेतनने मान वर केली नाही.

“पाहू का आता?”

“पाहा.”

त्याने पाहिलं. तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते.

“हरलो,” ती म्हणाली. “एका पाटीनं. शेवटच्या पाटीवर मी बाद झाले. मशीन नाही, मीच. गड्यानं धरलं मले.”

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. डोळा न धरता, सरळ. त्याचे ओठ आत गेले. हात कपाळाकडे निघाला, त्याला आंबाडीचा हिरवा रस लागलेला होता, आणि त्याने तो तसाच कपाळावर ठेवला, न लपवता. वाईट वाटलं होतं, ते वाटलेलं दिसत होतं. त्याच्यावर त्याने काही चढवलं नाही.

“धरलं असंन त्यानं,” तो म्हणाला. “चांगला असंन गडी.”

“लय चांगला होता.” ती खाली बसली. “सरांनी जागा ठेवली माझी. पुढच्या सामन्यालाही मीच.”

चेतनने श्वास सोडला. काही बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं.

“म्हण ना,” ती म्हणाली.

“पहिले हे सांगायचं की नाही?”

“नाही,” समीक्षा म्हणाली, आणि परातीतली जून पानं वेचून बाजूला काढायला लागली. “हे काय निवडलं आहे तू? सगळं एकात एक. आणि माती तशीच.”

“तू म्हणाली पाहू नको.”

“भाजीकडे पाहू नको म्हटलं होतं का?”

तो खाली मान घालून पुन्हा निवडायला लागला. ती मधूनमधून त्याच्याकडे बघत राहिली.